घरातल्या ब्रॉडबँडच्या वायरी: भिंतीतल्या भोकापासून टेबलापर्यंत

नाशिकला ताईच्या घरी ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. मागच्या दिवाळीत तिच्याकडे गेलो, तर भाचा कंपनीकडे चौथी तक्रार नोंदवत बसला होता. राउटरशेजारी मोबाइल धरला की २८०-२९० मिळत होते. अभ्यासाच्या टेबलावरचा संगणक मात्र वायरीने जोडलेला असूनही ९४ वर अडकलेला. सकाळी ९४, रात्री ९४, रविवारी दुपारीही ९४. "मामा, वायरीने जोडलं की स्पीड जास्त मिळतो ना?" त्याचं म्हणणं बरोबर होतं.

मी टेबलाखाली वाकलो. राउटरकडून आलेली चपटी पांढरी वायर पलंगाच्या पायाखालून गेली होती. पलंग उचलून तिथे बोट फिरवलं, तर वायर अगदी कागदासारखी दबलेली. राउटरच्या खोक्यात एक छोटी वायर न वापरता पडून होती. संगणक उचलून राउटरजवळ नेला, ती वायर लावली आणि स्पीड २९०च्या पुढे गेला. दबलेली वायर नंतर कापून बघितली. आठातल्या सात तारा शाबूत होत्या, निळी तेवढी तुटली होती.

९४ हा आकडा लक्षात ठेवा. १०० एमबीपीएसच्या जोडणीत डेटाच्या पाकिटांवरचे पत्ते वगैरे वरखर्च वजा जाऊन हातात ९४-९५ उरतात. तुमचा प्लॅन मोठा असेल आणि वायरीवर स्पीड रोज नेमका इथेच थांबत असेल, तर दुखणं बहुतेक वेळा घरातच असतं, एखाद्या वायरीत नाहीतर पोर्टमध्ये. म्हणून माझा आग्रह आहे की नवा राउटर घेण्याआधी, प्लॅन वाढवण्याआधी आणि कंपनी बदलण्याआधी वायरी बघा. बघायच्या त्याही भिंतीपासून सुरुवात करून, एकेक सांधा तपासत.

आधी घरात काय आलंय ते ओळखा

आता बहुतेक शहरांत आणि बऱ्याच गावांत घरात फायबर येते. काडीएवढ्या जाडीची काळी किंवा पांढरी चपटी वायर, आणि तिच्या टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी प्लास्टिकचा कनेक्टर. ती ज्या डब्यात जाते त्याला आपण मोडेम म्हणतो, कंपनीचा माणूस ओएनटी किंवा ओएनयू म्हणतो. डबा तोच.

काही सोसायट्यांमध्ये अजून जुनी पद्धत आहे. केबलवाल्याने गच्चीवर स्विच, म्हणजे एका वायरीवरचं नेट अनेक वायरींत वाटणारा डबा, बसवलेला असतो आणि तिथून प्रत्येक घरात लॅनची, म्हणजे आठ तारांची, वायर सोडलेली असते. टेलिफोनच्या तारेवर चालणारं ब्रॉडबँड असेल, तर मोडेमला दोन तारांचा बारका जॅक लागतो. घरातल्या प्रत्येक फोनच्या आधी फिल्टर लावावा लागतो, नाहीतर फोनवर खरखर येते आणि नेट तुटत राहतं. टीव्हीच्या गोल केबलवर नेट येत असेल, तर मध्ये लावलेले जास्तीचे स्प्लिटर काढून टाका, आटेवाला कनेक्टर हाताने घट्ट फिरवा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. या दोन्ही प्रकारांवर मी आता जास्त वेळ घालवणार नाही, कारण फायबरचा पर्याय मिळत असेल तर तो घेणंच शहाणपणाचं.

गच्चीवरून लॅन येत असेल तर दोन गोष्टी सांभाळा. लॅनची वायर एका स्विचपासून पुढच्या उपकरणापर्यंत १०० मीटरच्या आत हवी, वळणं-वळसे सगळे धरून. दुसरी गोष्ट विजेची. ही तांब्याची वायर आहे आणि ती उघड्यावरून येते. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की तिच्यातून झटका येऊन राउटरचा पोर्ट जळतो. आकाशात गडगडाट सुरू झाला की ही वायर राउटरमधून काढून ठेवा. फायबर काचेची असल्यामुळे तिच्यातून असा झटका येत नाही. बाहेरच्या काही फायबर वायरींना आधारासाठी लोखंडी तार जोडलेली असते. ती तार घरात न आणता बाहेरच खुंटीला बांधून संपवायला सांगा.

फायबर: रंग, वळण आणि धूळ

हिरव्या कनेक्टरचं टोक ८ अंशांच्या कोनात तिरपं घासलेलं असतं, म्हणजे परत फिरणारा प्रकाश बाजूला निघून जातो. निळ्याचं टोक सरळ असतं. दोन्ही एकाच आकाराच्या खाचेत बसतात आणि इथेच घोटाळा होतो. निळ्या खाचेत हिरवा खुपसला तर काच काचेला नीट टेकत नाही, मध्ये हवेची फट राहते, प्रकाश वाया जातो आणि टोकावर चरेही पडू शकतात. भिंतीवरच्या डबीपासून मोडेमपर्यंतची छोटी वायर, म्हणजे पॅच कॉर्ड, नवी आणायला जाताना भिंतीवरच्या डबीचा आणि मोडेमचा, दोन्हींचे फोटो काढून न्या. डबी हिरवी आणि मोडेम निळा असंही काही घरांत असतं. त्यासाठी एका टोकाला हिरवा आणि दुसऱ्या टोकाला निळा अशी कॉर्ड तयार मिळते. दुकानदाराला "सिंगल मोड" असं स्पष्ट सांगा. ही बहुधा पिवळी असते. नारिंगी किंवा फिकट निळी कॉर्ड मल्टिमोड असते, ती घरच्या मोडेमला चालत नाही.

कॉर्ड लांब घेतली तर स्पीड कमी होईल, अशी पुष्कळांना भीती असते. ती बाजूला ठेवा. या काचेतून एक किलोमीटर गेल्यावरही प्रकाश जेमतेम ०.३ ते ०.४ डीबीने कमी होतो. तुमच्या दहा मीटरने काहीच बिघडत नाही. बिघडतं ते तीव्र वळणाने, घट्ट ठोकलेल्या क्लिपने आणि धुळीने. जास्तीची वायर गुंडाळून ठेवायची असेल तर आमटीच्या वाटीएवढं वेटोळं करा, त्याहून लहान नको. दाराच्या फटीत चेपलेली, कपाटामागे काटकोनात मोडलेली किंवा खिळ्याच्या क्लिपखाली आवळलेली फायबर हे "नेट येतं-जातं" या तक्रारीचं नेहमीचं कारण आहे.

प्रकाश किती पोहोचतोय हे तुम्हाला स्वतःला बघता येतं. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मोडेमच्या सेटिंगच्या पानावर, नाहीतर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये, ऑप्टिकल किंवा आरएक्स पॉवर असा एक उणे आकडा असतो, एकक डीबीएम. घरगुती फायबरसाठी तो साधारण −१५ ते −२४ च्या दरम्यान असला की निश्चिंत राहा. −२७ च्या खाली घसरला की मोडेमला सिग्नल कळेनासा होतो आणि एलओएसचा, म्हणजे सिग्नल हरवल्याचा, लाल दिवा लागतो. आकडा ३ ने घसरला म्हणजे प्रकाश निम्मा झाला. सगळं सुरळीत असताना हा आकडा एकदा लिहून ठेवा. पुढे तक्रार करताना "स्पीड येत नाही" म्हणण्याऐवजी "आधी −१९ होता, आज −२६ आहे" असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच कामाचं बोलू लागतो.

कनेक्टरच्या टोकाला बोट लावू नका. काढला की टोपी लावा. पुसायचंच झालं तर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा. सदऱ्याचं टोक नको. सॅनिटायझर तर मुळीच नको, त्यातल्या चिकट द्रव्याचा थर काचेवर बसतो. आणि सुट्या टोकात डोकावून कधीही बघू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेझरचा आहे. घरात लहान मुलं असतील तर हे त्यांनाही सांगा.

मोडेम ते राउटर: कोणत्या पोर्टमध्ये?

मोडेममध्येच वायफाय असेल आणि घर लहान असेल, तर वेगळा राउटर लागत नाही. वेगळा असेल तर मोडेमच्या लॅन १ मधून वायर काढून राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं नेट आत घेणाऱ्या भोकात, लावा. हा पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचा असतो.

लॅन १ असं मुद्दाम म्हणतोय. स्वस्त मोडेममध्ये बरेचदा एकच पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा असतो, बाकीचे १०० चे. दिसायला सगळे सारखेच. गिगाबिटचा पोर्ट कोणता, ते डब्याच्या पाठीवर किंवा तळाच्या लेबलवर जीई असं लिहिलेलं असतं, १०० च्या पोर्टला एफई. घरात पडलेला जुना राउटर वापरणार असाल तर त्याचाही वॅन पोर्ट तपासा. १०० चा असेल तर ३०० च्या प्लॅनचे दोनशे दारातच अडतील. लॅपटॉपला लॅनचं भोक नसल्यामुळे यूएसबीचा अ‍ॅडॉप्टर घेताना यूएसबी ३ आणि गिगाबिट, दोन्ही शब्द खोक्यावर बघून घ्या.

लॅनची वायर निवडताना

दुकानात कॅट ५ई, कॅट ६, कॅट ६ए, कॅट ७, कॅट ८ अशी रांग दिसते. सरळ सांगायचं तर कॅट ५ई वर १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट आरामात चालतं. कॅट ६ वर साधारण ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट जातं. तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये भिंतीत टाकायला आज कॅट ६ घ्या, कारण भिंत पुन्हा फोडायची नसते आणि किमतीत फार फरक नाही. कॅट ८ ही सर्व्हरच्या खोल्यांमधल्या ३० मीटरच्या आतल्या जोडण्यांसाठी आहे. तिच्यावर घरात पैसे घालवू नका.

आकड्यापेक्षा धातू महत्त्वाचा, आणि लोक फसतात ते इथेच. वायरीवर सीसीए अशी अक्षरं असतील तर ती अ‍ॅल्युमिनियमची तार आहे, वरून तांब्याचा मुलामा दिलेली. कॅट ५ई किंवा कॅट ६ च्या मानकात तार तांब्याचीच हवी, त्यामुळे अशा वायरीवर कॅट ६ छापलेलं असलं तरी त्याला अर्थ नाही. अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, आणि ही तार दोन-चारदा वाकवली की तुटते. वायरीतूनच वीज घेणारा कॅमेरा जोडलात तर ती तापतेही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलात तर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवलेले दिसतील. दुकानदाराला "शुद्ध कॉपर द्या" म्हणा आणि टोकाचा तुकडा सोलून मागा. एक तार घेऊन ब्लेडने खरवडा. तांबं असेल तर आतही तांबूस दिसेल. मुलामा असेल तर एका खरवडीत आतून चांदीसारखा पांढरट रंग बाहेर येतो. वजनावरूनही कळतं. तांबं अ‍ॅल्युमिनियमपेक्षा तिपटीहून जड आहे, त्यामुळे तेवढ्याच लांबीची सीसीएची गुंडाळी हातात हलकी लागते.

भिंतीत टाकायची वायर आणि टेबलावर वापरायची वायर वेगवेगळी असते. भिंतीतल्या वायरीत प्रत्येक तार अखंड, एकेरी असते. ती सिग्नल चांगला नेते, पण सारखी हलवली तर तुटते. टेबलावरच्या पॅच कॉर्डमध्ये बारीक तारांचा पीळ असतो, म्हणून ती लवचीक. पॅच कॉर्ड कारखान्यात टोकं बसवलेली, तयारच घ्या. दोनेक मीटरची चांगली कॉर्ड साधारण दोनशे रुपयांच्या आसपास मिळते. चपटी वायर गालिच्याखाली सरकवायला सोयीची दिसते, पण तिच्यातल्या तारा फार बारीक असतात. ताईकडे जे झालं ते चपट्या वायरींच्या बाबतीत मी आणखी दोन घरांत पाहिलंय. सामान्य घरात जाळीचं आवरण असलेली वायर लागत नाही. त्या जाळीचं अर्थिंग नीट केलं नाही तर तिचा उपयोगही होत नाही.

भिंतीतून नेताना

घराचं रंगकाम किंवा वायरिंग चालू असेल तर इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा: लॅनसाठी वेगळा पाइप हवा. दिव्या-पंख्याच्या वायरींच्या पाइपमध्ये लॅन घालायची नाही. सिग्नलला त्रास होतो, आणि कधी इन्सुलेशन गेलं तर २३० व्होल्ट थेट तुमच्या राउटरमध्ये येतील. समांतर न्यायची असेल तर वीतभर अंतर ठेवा, ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा. वळणाला इंचभर तरी गोलाई द्या. प्रत्येक जागी एकाऐवजी दोन वायरी टाका. मजुरी तीच पडते, आणि एक खराब झाली तर दुसरी तयार असते. पाइप नसेल तर पांढरी प्लास्टिकची पट्टी स्कर्टिंगच्या कडेने मारली तरी चालतं. थोडी दिसते, पण दाराच्या फटीतून चेपत नेण्यापेक्षा कितीतरी बरी.

बाहेरून आत येणारं भोक पाडताना ड्रिलचा उतार बाहेरच्या बाजूला असू द्या. वायर आत शिरण्याआधी बाहेर तिला खाली झोळ द्या, इंग्रजी यू अक्षरासारखा. जुलैच्या पावसात वायरीवरून ओघळत येणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकतं, घरात येत नाही. मग भोक सिलिकॉनने बंद करा. उन्हात राहणारी वायर काळ्या आवरणाची, बाहेरच्या वापरासाठी बनवलेलीच घ्या. घरातली राखाडी वायर गच्चीवर टाकली तर काही उन्हाळ्यांत तिचं आवरण तडकतं.

टोक बसवणं

हे घरी जमतं. प्लग दाबून बसवायचा क्रिम्पिंगचा चिमटा, कॅट ६ चे प्लग आणि दिव्यांचा साधा टेस्टर एवढं लागतं. प्लगची खिट्टी खाली आणि सोनेरी पट्ट्या वर, भोक आपल्याकडे धरा. डावीकडून क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. याला टी५६८बी म्हणतात. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवा.

हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी फुटलेली दिसते, आणि नवख्याला ती चूक वाटते. मग तो चारही रंगांच्या जोड्या सरळ शेजारी शेजारी लावतो. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागतात, सगळं ठीक वाटतं आणि स्पीड मात्र रडत राहतो. कारण असं: एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवर मिळून एक सिग्नल जातो, आणि बाहेरचा त्रास त्या पिळामुळेच कटतो. नवख्याने लावलेल्या त्या क्रमात हा सिग्नल दोन वेगवेगळ्या पिळांत वाटला जातो. साध्या टेस्टरला हे कळत नाही, म्हणून रंगांचा क्रम डोळ्यांनीच तपासा. पीळही गरजेपुरताच सोडा, अर्ध्या इंचाहून जास्त नको. आणि वरचं आवरण प्लगच्या आतपर्यंत गेलं पाहिजे, म्हणजे ओढ तारांवर न येता आवरणावर येते.

१०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार गेली तर बहुतेक उपकरणं मुकाट्याने १०० वर उतरतात. नेट चालूच राहतं, म्हणून महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. ताईकडे नेमकं तेच झालं होतं.

वीज

मोडेमचा अ‍ॅडॉप्टर बदलावा लागला तर व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, बहुधा १२. अँपिअर मूळ आकड्याएवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. पिनची जाडी आणि लेबलवरची अधिक-उणेची खूणही जुळवा. पिन सैल बसली तर मोडेम मधूनच बंद-चालू होतो आणि दोष फायबरवर जातो.

लोडशेडिंग असलेल्या भागात १२ व्होल्टचा छोटा यूपीएस फार उपयोगी पडतो. फायबरच्या वाटेत, सोसायटीतल्या स्प्लिटरच्या डबीला, वीज लागत नाही, त्यामुळे घरातला मोडेम जिवंत ठेवला की बहुतेक वेळा नेट चालू राहतं. पण मोडेम आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही यूपीएसवर घ्या, आणि दोघांच्या अँपिअरची बेरीज यूपीएसला झेपते का ते बघा. गच्चीवरच्या स्विचवरून लॅन येत असेल तर वीज गेल्यावर तो स्विचही बंद पडतो. तिथे घरातला यूपीएस काही करू शकत नाही, सोसायटीशी बोलून स्विचला बॅकअप मिळवावा लागेल.

सगळं जोडून झाल्यावर

वायफाय बंद करून वायरीने जोडलेल्या संगणकावर बघा. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, मग इथरनेट उघडलं की लिंक स्पीड दिसतो. १०००/१००० हवा. १००/१०० दिसला तर एकेक वायर बदलत जा, आधी टेबलावरची, मग मोडेम-राउटरच्या मधली, शेवटी भिंतीतली. खात्रीची एक छोटी वायर यासाठी घरात कायम ठेवा. लिंक बरोबर असूनही स्पीड कमी असेल, तेव्हा संगणक थेट मोडेमच्या गिगाबिट पोर्टला जोडून मोजा. तिथे पूर्ण मिळाला तर राउटर बघायचा. तिथेही कमी असेल, तर मघाशी लिहून ठेवलेला ऑप्टिकल आकडा ताडून बघा आणि मग कंपनीला फोन करा.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदाची चिठ्ठी चिकटपट्टीने लावा: "हॉल टीव्ही", "अभ्यासाची खोली". मोडेमच्या पाठीचा एक फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवून ठेवा. तुम्ही ऑफिसात असताना आईने फोन करून "कुठली वायर निघाली कळत नाही" म्हटलं, की त्या फोटोवरूनच तिला जागा सांगता येते.